चंद्रपूर ते पडघा: पाव शतकाचा हिशेब मांडा

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य महोदय,



चंद्रपूरहून निघून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पोचणारी उच्चदाब डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाची) वाहिनी १९९९ साली सुरू झाली. लांबी सुमारे ७५२ किलोमीटर, दाब अधिक-उणे ५०० केव्ही, क्षमता १५०० मेगावॉट. आपला आयोगही त्याच वर्षी स्थापन झाला, म्हणजे या वाहिनीचा सगळा संसार आयोगाच्या डोळ्यांदेखत झाला आहे. तेव्हाच्या वीज मंडळाने ती उभारली, २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर ती महापारेषणकडे आली, आणि तिचा खर्च राज्यातल्या प्रत्येक ग्राहकाने आपल्या बिलातून थोडा थोडा उचलला. माझी आपल्याकडे एकच मागणी आहे. या वाहिनीच्या पाव शतकाचा हिशेब एका ठिकाणी, मराठीत, कोणाही शिकलेल्या ग्राहकाला वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करा. आणि यापुढे लांब पल्ल्याची मोठी वाहिनी मंजूर करताना ती एसी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाची) असावी की डीसी, हा प्रश्न त्या हिशेबाच्या आधारे जाहीर सुनावणीत चर्चेला ठेवा.

मी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवली. ठाणे जिल्ह्यातल्या मुलांना पडघ्याचे केंद्र ऐकून माहीत असायचे, त्यामुळे पारेषणाचा धडा सुरू झाला की एक प्रश्न हमखास यायचा: ‘सर, एडिसन हरला, टेस्ला जिंकला, एसीचं राज्य आलं, मग ही पडघ्याची लाइन डीसी कशी?’ प्रश्न रास्त होता. मुलांनी वाचलेली गोष्ट १८९३ च्या शिकागो प्रदर्शनापाशी, फार तर नायगाऱ्याच्या वीजकेंद्रापाशी संपते. विजेचा इतिहास तिथे थांबला नाही, आणि या प्रश्नाचे अर्धे उत्तर तर महाराष्ट्राच्याच जमिनीवर उभे आहे.

एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू केलेले केंद्र डीसीचे होते, ११० व्होल्टचे. त्या दाबाने वीज दीड-दोन किलोमीटरच्या पुढे नेणे परवडत नसे. तारेत जी शक्ती तापून वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने नेली तर प्रवाह निम्मा होतो आणि तूट चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून वीज दूर न्यायची तर दाब चढवायला हवा आणि घरात घेताना तो उतरवायला हवा. हे चढवणे-उतरवणे एसीला रोहित्राने जमते: लोखंडाचा गाभा, त्यावर दोन वेटोळी, एकही हलता भाग नाही. डीसीकडे त्या काळी असे साधन नव्हते. १८८२ मध्येच जर्मनीत मिसबाखहून म्युनिकपर्यंत ५७ किलोमीटर डीसी नेऊन दाखवली गेली, पण बरीचशी शक्ती वाटेतच गेली. नऊ वर्षांनी लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटरवर थ्री फेज एसी पोचली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश शक्ती शिल्लक होती. वादाचा निकाल खरा तिथेच लागला.

आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज आली ती एसीच. मुंबईच्या लोकलने मात्र दुसरी वाट धरली होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर चालत होती, आणि हार्बर मार्गावरची डीसी एप्रिल २०१६ मध्ये गेली. रेल्वेने ती सोडली हे योग्यच झाले. इतक्या कमी दाबाला प्रवाह प्रचंड लागतो, तारा जाड लागतात, थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्र बांधावे लागते. पण आज २५ केव्ही एसीवर धावणाऱ्या लोकलच्या डब्याखाली काय चालते ते पाहण्यासारखे आहे. छतावरच्या तारेतून एसी आत येते, रोहित्र तिचा दाब उतरवते, मग तिची डीसी केली जाते, आणि त्या डीसीतून हव्या त्या वारंवारतेची थ्री फेज एसी नव्याने घडवून मोटरीला दिली जाते. वर्गातल्या मुलांना मी हेच सांगत असे की एसी की डीसी हे पक्ष नव्हेत. काम कोणते, अंतर किती, दाब किती, यावर ते ठरते.

उच्च दाबाची डीसी परत आली ती स्वीडनमधल्या एका अभियंत्याच्या चिकाटीमुळे. उनो लाम यांनी १९२९ मध्ये पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या झडपेतल्या सुधारणेचे पेटंट घेतले. ही झडप एसीची डीसी करते आणि डीसीची पुन्हा एसी. ती लाखभर व्होल्टचा दाब भरवशाने सोसू लागेपर्यंत जवळजवळ पंचवीस वर्षे गेली. १९५४ मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावरून गोटलँड बेटाला समुद्राखालच्या एका केबलने २० मेगावॉट वीज पोचली, १०० केव्ही डीसीने. सुमारे ९६ किलोमीटरच्या त्या समुद्रात एसी चालली नसती. केबलमधली तार आणि तिच्याभोवतीचे आवरण मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. एसीत तो सेकंदाला शंभर वेळा भरावा आणि रिकामा करावा लागतो, आणि केबल पुरेशी लांब झाली की तारेची सगळी क्षमता या भरण्या-रिकामे करण्यातच खर्ची पडते. डीसीत केबल एकदा भरली की भरली. पुढे १९७२ मध्ये कॅनडातल्या ईल रिव्हर केंद्रात पाऱ्याच्या झडपांऐवजी थायरिस्टर हे अर्धवाहक स्विच बसले, आणि हे तंत्र जगभर पसरले. आपल्या देशात १९८९ मध्ये विंध्याचलचा डीसी दुवा आला, त्यानंतर रिहंद ते दादरी ही लांब वाहिनी आली, आणि मग चंद्रपूर-पडघा.

ही वाहिनी डीसीच का, याचे कारण महाराष्ट्राच्या भूगोलात आहे. कोळसा पूर्वेला, मागणी पश्चिमेला. १९९७ मध्ये सातवा संच सुरू झाल्यावर चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २३४० मेगावॉट झाली, आणि ती वीज हवी होती मुंबई-ठाणे-पुण्याला. १५०० मेगावॉट शक्ती घरातल्या २३० व्होल्टने न्यायची ठरवली तर प्रवाह ६५ लाख अँपियर होईल. या वाहिनीच्या दोन ध्रुवांमध्ये १० लाख व्होल्टचा फरक आहे, म्हणून तीच शक्ती न्यायला १५०० अँपियर पुरतात.

शेतात उभे राहून ही वाहिनी ओळखणे सोपे आहे. एसीच्या मनोऱ्यावर तारांचे जुडगे तिनाच्या पटीत असतात, तीन किंवा सहा. डीसीच्या मनोऱ्याला दोनच भुजा, डावीकडे एक ध्रुव आणि उजवीकडे दुसरा. पावसात ४०० केव्ही एसी वाहिनीखालून गेले तर तारांची चरचर वाढलेली ऐकू येते; डीसीच्या तारांचा आवाज पावसात उलट कमी होतो. एसी वाहिनीखालच्या तारेच्या कुंपणाला हात लावला तर झिणझिण्या येतात, हे तिथल्या शेतकऱ्यांना पुस्तक न वाचता माहीत आहे. बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे कुंपणात प्रवाह उतरतो. डीसीचे क्षेत्र स्थिर असते, त्यामुळे तसा सततचा प्रवाह उतरत नाही. पण डीसीची एक खोड आहे. हवेतली धूळ आणि खार तिच्या इन्सुलेटरांवर जास्त जमते, कारण स्थिर क्षेत्र भारित कणांना एकाच दिशेने ओढत राहते. म्हणून तिचे इन्सुलेटर अधिक लांब लागतात आणि जास्त वेळा धुवावे लागतात. चंद्रपूरच्या बाजूला कोळशाची धूळ आणि राख, कोकणाच्या बाजूला दमट हवा, अशा दोन्ही तोंडांवर आपल्या वाहिनीने हा त्रास कसा निभावला, याची नोंद देशातल्या पुढच्या प्रत्येक डीसी वाहिनीच्या कामाची आहे.

विद्यार्थ्यांना घेऊन पडघ्यासारख्या रूपांतर केंद्रात गेले की सगळ्यांचे पाय व्हॉल्व्ह हॉलपाशी, म्हणजे झडपांच्या दालनापाशी, खिळतात. यंत्र चालू असताना आत कोणालाही जाता येत नाही, बाहेरून काचेतूनच पाहायचे. छतापासून टांगलेले थायरिस्टरचे उंच खांब, आणि त्यांच्या कडांना गुळगुळीत, गोलाई दिलेली धातूची आवरणे. धारदार कोपरा राहिला तर त्या दाबाला हवाच फुटेल. प्रत्येक थायरिस्टरला ‘चालू हो’ हा इशारा काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातो, कारण जमिनीच्या वर लाखो व्होल्टवर असलेल्या भागाला नियंत्रण कक्षातून तांब्याची तार जोडता येत नाही. थंड ठेवायला पाणी खेळवतात, पण त्यातले क्षार आधी पूर्णपणे काढून टाकावे लागतात, नाहीतर पाण्यातूनच वीज वाहू लागेल. बाहेरच्या आवारात कपॅसिटर आणि फिल्टरचे मोठे मैदान असते. ते शोभेला नाही. थायरिस्टरचे असे केंद्र जेवढी शक्ती नेते तिच्या जवळजवळ निम्म्याइतकी प्रतिक्रियात्मक शक्ती एसी जाळ्यातून ओढते, ती भरून द्यावी लागते. शिवाय थायरिस्टरच्या उघडझापेने एसी जाळ्यात शिरणारे विकृत तरंग गाळून काढावे लागतात.

हा सगळा पसारा महाग आहे, आणि एसी-डीसीच्या तुलनेची मेख इथेच आहे. डीसीची वाहिनी स्वस्त पडते, तिची टोके महाग पडतात. तारांचे जुडगे कमी, मनोरे सडपातळ, वाटेतली तूट कमी. ढोबळमानाने हजार किलोमीटरला साडेतीन टक्के, आणि दोन्ही टोकांना रूपांतराचा पाऊण-पाऊण टक्का. अंतर थोडे असेल तर टोकांचा खर्च वाहिनीतल्या बचतीतून भरून निघत नाही. हवेतल्या तारांसाठी ही सीमारेषा साधारण ६०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान मानली जाते. आता ७५२ हा आकडा पुन्हा पाहावा. हजार-दीड हजार किलोमीटरच्या वाहिनीला डीसी हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. शे-दोनशे किलोमीटरच्या हवेतल्या वाहिनीला एसी. चंद्रपूर-पडघा नेमकी त्या पट्ट्यात येते जिथे उत्तर आधी सांगता येत नाही. म्हणून तिचा पंचवीस वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव हा नुसता एका वाहिनीचा जमाखर्च नाही. दोन्ही पर्याय जवळपास समान ठरतात तिथे शेवटी काय घडले, हे सांगणारा महाराष्ट्रातला तो सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तो कपाटात राहणे मला सहन होत नाही.

खर्चाच्या पलीकडेही एक कारण आहे. एसीच्या जाळ्यातले प्रत्येक जनित्र बाकीच्या सगळ्या जनित्रांशी पावलाला पाऊल मिळवून फिरते, एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे. वाहिनी लांबली की दोन टोकांच्या जनित्रांमधला कोन वाढत जातो, आणि तो फार वाढला की एखाद्या धक्क्याने त्यांची संगत सुटते. म्हणून लांब एसी वाहिनीवर तारा सोसतील तेवढी शक्ती घालताच येत नाही. डीसीला हा कोनच नाही. शिवाय एसीत वीज कोणत्या वाटेने जाईल हे जाळ्याचा अवरोध ठरवतो. डीसीत किती वीज न्यायची हे नियंत्रण कक्षातला माणूस ठरवतो.

याचा प्रत्यय देशाला २०१२ मध्ये आला. ३० जुलैला उत्तरेचे जाळे कोसळले आणि ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी. साठ कोटींहून अधिक लोक त्या भागात राहतात. दक्षिणेचे जाळे त्यात ओढले गेले नाही, कारण बाकी देशाशी ते फक्त डीसीने जोडलेले होते. त्यातला एक दुवा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे, १००० मेगावॉटचा. त्याला लांब वाहिनी नाहीच. एका बाजूची एसी आत येते, डीसी होते, आणि त्याच आवारात दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा एसी होऊन बाहेर पडते. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही एसी वाहिनीने दक्षिणही देशाच्या एका जाळ्यात आली. काहींना यात विसंगती वाटते, मला वाटत नाही. एका जाळ्यात असले की एका भागाची तूट दुसरा भाग आपोआप, क्षणात भरून काढतो. हे काम एसी जसे करते तसे थायरिस्टरची डीसी करत नाही. भद्रावती आणि सोलापूर, दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोन्ही महाराष्ट्रात झाले.

डीसीची बाजू मी इतकी मांडली, तरी तिची एक गोष्ट मला मनापासून खुपते. चंद्रपूर-पडघा वाहिनी साडेसातशे किलोमीटर धावते आणि मधल्या एकाही तालुक्याला तिच्यातून एक युनिटही घेता येत नाही. घ्यायचे तर मध्ये आणखी एक रूपांतर केंद्र बांधावे लागेल, आणि त्याचा खर्च कोणत्याही तालुक्याच्या मागणीत बसणारा नाही. ४०० केव्ही एसी वाहिनीवर वाटेत उपकेंद्र उभे करता येते, तिथून २२० आणि १३२ केव्हीच्या फांद्या काढता येतात, आणि त्यांच्या आधाराने आसपासच्या गावांतली डीपी वारंवार जळायची थांबते. ज्यांच्या शेतात मनोरे आहेत त्यांच्याच गावात संध्याकाळी दाब इतका पडतो की मोटर उठत नाही, ही तक्रार वाहिनीखालच्या गावांतून ऐकायला मिळते, आणि ती खोटी नाही. चंद्रपूरचे तर दुखणे वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत घातलेल्या या शहराने राख सोसली आणि वीज पश्चिमेला गेली. हा अन्याय डीसीने निर्माण केलेला नाही, पण ज्या तुलनेत मधल्या जिल्ह्यांचा रकानाच नाही ती तुलना अपुरी आहे. तो रकाना आयोगाने सक्तीचा करावा.

जमिनीचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. केंद्राच्या निकषांप्रमाणे ४०० केव्ही वाहिनीला ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, अधिक-उणे ५०० केव्ही डीसीला ५२ मीटर, ७६५ केव्हीच्या दुहेरी एसी वाहिनीला ६७ मीटर, आणि अधिक-उणे ८०० केव्ही डीसीला ६९ मीटर. नुसते आकडे पाहिले तर डीसी जास्त जागा खाते असे वाटेल. पण १५०० मेगावॉट साडेसातशे किलोमीटर न्यायला, माझ्या ढोबळ हिशेबाने, ४०० केव्हीच्या दोन दुहेरी वाहिन्या लागल्या असत्या, म्हणजे ९२ मीटर. ४० मीटरचा हा फरक ७५२ किलोमीटरवर तीन हजार हेक्टर भरतो. त्या तीन हजार हेक्टरांवर ना मनोरा आला, ना घर बांधायला किंवा उंच झाड लावायला बंदी आली. आता भरपाईचे पाहा. मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी २०१५ च्या केंद्रीय सूचनांत जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ च्या सूचनांत ते २०० टक्के आणि ग्रामीण भागात ३० टक्के झाले. भरपाई वाढली हे चांगले झाले, ती वाढायलाच हवी होती. पण त्यामुळे अरुंद पट्ट्याची किंमतही वाढली, आणि एसी-डीसीचे जुने हिशेब आता नव्याने मांडावे लागतील. सीमारेषा डीसीच्या बाजूला किती सरकली, हे आयोगाशिवाय कोण विचारणार?

मुंबईचा प्रश्न निराळा आहे, आणि तिथे अंतर थोडे असूनही डीसीचे पारडे जड आहे. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आपल्या आयोगाला सांगायला नको. आपणच तिची स्वतःहून दखल घेतली होती. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली, आणि मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या केंद्रांवर चालू ठेवणारी यंत्रणा त्या दिवशी टिकली नाही. या शहरात बाहेरून वीज आणायला नव्या मनोऱ्यांसाठी जागाच नाही. एकीकडे खाडी, दुसरीकडे डोंगर आणि जंगल, मध्ये वस्ती. वीज जमिनीखालून आणायची तर लांब एसी केबलची अडचण गोटलँडसारखीच. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसहून आरेपर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा, १००० मेगावॉटचा डीसी दुवा हाती घेतला गेला तो याच कारणाने. त्याचे तंत्र थायरिस्टरचे नाही. यात आयजीबीटी नावाचे स्विच वापरतात, जे हवे तेव्हा चालूही होतात आणि बंदही. त्यामुळे हे केंद्र प्रतिक्रियात्मक शक्ती ओढत नाही, हवी तेव्हा पुरवते, आणि शहर पूर्ण अंधारात गेले असले तरी बाहेरच्या विजेवर ते आतले जाळे पुन्हा उभे करू शकते. १२ ऑक्टोबरला नेमक्या याच गुणाची उणीव होती. हा खर्च शेवटी ग्राहकच भरणार आहे. मग वीज गेल्यास हे केंद्र किती मिनिटांत शहराचा किती भाग उभा करील, याची चाचणी दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा, एवढी अट आयोगाने घालावी.

आता नागपूर. कच्छमधल्या खावडा इथून नागपूरपर्यंत अधिक-उणे ८०० केव्ही, ६००० मेगावॉटची सुमारे १२०० किलोमीटरची डीसी वाहिनी येत आहे. काम पॉवरग्रिडकडे आहे. आंतरराज्य वाहिनी असल्याने ती आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आंतरराज्य पारेषणाचे शुल्क महावितरण भरते आणि ते आमच्या बिलात उतरते, त्यामुळे आयोगाला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे असे मी मानतो. या वाहिनीला डीसीच योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अंतर मोठे आहे, शक्ती प्रचंड आहे, आणि सूर्य ढगाआड गेला की क्षणात बदलणारी ही वीज किती पाठवायची ते नियंत्रण कक्षातून ठरवता येणे हा मोठा फायदा आहे. मला काळजी आहे ती पडघ्याचा अनुभव नागपूरपर्यंत पोचेल की नाही याची.

तो अनुभव पोचायचा तर अहवालात पुढल्या गोष्टी असायलाच हव्यात. वाहिनीने तिच्या पूर्ण क्षमतेने वर्षातले किती तास वीज नेली, आणि उरलेला वेळ ती किती मोकळी राहिली. दोनपैकी एक ध्रुव किती वेळा ट्रिप झाला, का झाला, आणि तेव्हा दुसऱ्या ध्रुवावर निम्मी वीज चालू राहिली का. कारण एका ध्रुवावर चालण्याची सोय हा डीसीचा मोठा गुण सांगितला जातो. त्या वेळी परतीचा प्रवाह जमिनीतून किती तास वाहिला, आणि तो जमिनीत सोडणाऱ्या इलेक्ट्रोडच्या आसपासच्या नळांना, कुंपणांना, विहिरींतल्या पंपांना गंज चढल्याची तपासणी झाली का. थायरिस्टर, फिल्टर आणि नियंत्रण यंत्रणेच्या बदलीवर किती खर्च झाला, आणि सुटे भाग मिळायला किती थांबावे लागले, कारण पंचवीस वर्षांपूर्वीची इलेक्ट्रॉनिक्स आज बाजारात नसते. प्रत्यक्ष तूट किती टक्के निघाली. आणि शेवटी, त्याच काळात तेवढीच वीज एसीने आणली असती तर खर्च, जमीन आणि मधल्या जिल्ह्यांचा लाभ किती झाला असता, याचा एक प्रामाणिक अंदाज.

यातली बहुतेक माहिती महापारेषणच्या नोंदींत आणि राज्य भार प्रेषण केंद्राच्या नोंदवह्यांत असणारच. ती गोळा करायला नवे सर्वेक्षण लागणार नाही. जाहीर सुनावणीला येणारे आम्ही ग्राहक स्थिर आकारावर, इंधन समायोजनावर, वहन आकारावर तावातावाने बोलतो. पारेषणावर कोणी फारसे बोलत नाही, कारण तांत्रिक जोडपत्रे इंग्रजीत असतात आणि शेकडो पानांची असतात. ज्याच्या शेतात मनोरा आहे त्याने ती वाचावीत अशी अपेक्षाच करता येत नाही. तीस-चाळीस पानांचा मराठी अहवाल ही अडचण पुरती दूर करील असे नाही, पण प्रश्न विचारायला बळ देईल.

अहवाल तयार झाला की त्याची छापील प्रत वाहिनीखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि राज्यातल्या प्रत्येक तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयाला पाठवावी, आणि त्यावर हरकती-सूचना घ्यायला किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी. सुनावणी मुंबईत होईल तशी एक चंद्रपूरलाही ठेवावी. मसुदा मराठीत उतरवताना शिक्षकांची मदत लागली तर मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

कळावे.

आपला,
विद्युत अभियांत्रिकीचा एक निवृत्त शिक्षक
ठाणे जिल्हा